हेलन अ‍ॅलिंगहॅमची घरं आणि त्या घरांतली माणसं

पाऊलवाट

व्हिक्टोरियन काळातलं इंग्लंडचं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते घडवण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. खाली झुकलेलं छप्पर, विटांचं जाडजूड धुराडं, फाटकाशी पांढरा एप्रन बांधलेली बाई, तिच्या कडेवर मूल, आणि अंगणात माणसाच्या डोक्यावर गेलेली हॉलीहॉकची फुलझाडं. हे दृश्य घडवणारी ती चित्रकार बाई म्हणजे हेलन अ‍ॅलिंगहॅम (1848-1926). तिच्या आणि तिच्या पठडीतल्या चित्रकारांच्या कामाची कॅलेंडरं निघाली, शुभेच्छापत्रं निघाली, बिस्किटांच्या डब्यांवर ती चित्रं आली. पुढे समीक्षकांनी या सगळ्यालाच ‘गोडगोड’ म्हणून बाजूला सारलं. मला हे अन्यायाचं वाटतं. घरांच्या बाबतीत अ‍ॅलिंगहॅम ही आपल्याला मिळालेली फार महत्त्वाची साक्षीदार आहे. माणसांच्या बाबतीत तिची साक्ष अपुरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहता येतात. त्यासाठी हा धागा.

तिचं माहेरचं नाव हेलन पॅटरसन. जन्म डर्बीशायरमधल्या स्वाडलिनकोटजवळचा. वडील डॉक्टर. 1862 मध्ये घटसर्पाच्या साथीत ते गेले आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. तिथल्या कलाशाळेत शिकून ती लंडनला रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाली. शिक्षण चालू असतानाच पोटासाठी मासिकांना चित्रं देऊ लागली. ‘द ग्राफिक’ हे सचित्र साप्ताहिक 1869 च्या डिसेंबरात सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या चित्रकारांत ती होती. 1874 मध्ये टॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही कादंबरी ‘कॉर्नहिल’ मासिकात क्रमशः येत होती, तिची चित्रंही हिचीच. त्याच वर्षी तिनं आयरिश कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅमशी लग्न केलं. मग मासिकांचं काम सोडलं आणि पूर्णवेळ जलरंग हाती घेतले.

1881 मध्ये हे कुटुंब लंडन सोडून सरे परगण्यातल्या विटलीजवळ, सँडहिल्स इथं राहायला गेलं. आपल्याला ठाऊक असलेली अ‍ॅलिंगहॅम इथं सुरू होते. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून ती हिंडायची आणि जुनी घरं जागेवर बसून रंगवायची. ती घरं पाहिलीत तर एक गोष्ट लगेच जाणवेल: ‘इंग्लिश खेड्यातलं घर’ असं मोघम घर ती काढत नाही. सरेची घरं कशी बांधली जात, ते तिच्या चित्रावरून सांगता येतं. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधले भाग विटांनी भरलेले. वरच्या मजल्याच्या भिंतीवर पावसापासून बचावासाठी मातीची कौलं खवल्यांसारखी एकावर एक टांगलेली. छप्पर मागच्या बाजूला पार खालपर्यंत उतरलेलं, त्याखाली नंतर जोडलेली पडवी. कुठल्या कौलावर शेवाळ धरलंय, कुठं नवं कौल बसवलंय, धुराड्याची कुठली वीट झिजलीय, हे सगळं ती टिपते. ‘कॉटेज अ‍ॅट चिडिंगफोल्ड’ हे चित्र शोधून मोठं करून जरूर पाहा.

एवढी घाई, एवढा बारकावा कशासाठी? कारण घरं जात होती. 1859 मध्ये लंडनहून गिल्डफर्डमार्गे पोर्ट्समथला जाणारी थेट रेल्वे झाली आणि विटली, हेझलमिअर ही गावं लंडनच्या पैसेवाल्यांच्या आवाक्यात आली. कवी टेनिसननं हेझलमिअरजवळ घर बांधलं, कादंबरीकार जॉर्ज एलियटनं विटलीत घर घेतलं. चित्रकार बर्केट फॉस्टर तर विटलीत आधीपासूनच होता. दुसरीकडे 1870 नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं, इंग्लंडची शेती बसली, जमीनदारांना मजुरांची घरं दुरुस्त करणं परवडेना. मग घर एक तर कोसळायचं, नाही तर शहरी माणूस ते विकत घेऊन आपल्या सोयीनं बदलायचा. 1886 मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत तिच्या सरेतल्या घरांचं प्रदर्शन झालं. त्याच्या सूचीपत्रातच म्हटलं होतं की ही चित्रं काढून काही महिनेच झालेत, पण यातली बरीच घरं तेवढ्यात नवी केली गेली आणि काही तर पाडलीसुद्धा.

हे वाचल्यावर ती चित्रं मला वेगळी दिसू लागली. यात गोडव्यापेक्षा तातडी जास्त आहे.

आता माणसं. अंगणात बाया आहेत, मुलं आहेत, मांजरं आहेत, कोंबड्या आहेत. पुरुष जवळजवळ नाहीतच. शेतमजुराच्या घरात शेतमजूर नाही. बाया कपडे वाळत घालतात, कोबी कापतात, सरपण आणतात, पण घाम कुठंच नाही. एप्रन नेहमी स्वच्छ. झिजलेली वीट जिला दिसली, तिला झिजलेले हात दिसले नसतील असं मला वाटत नाही. मग तिनं ते का काढले नाहीत?

तुमची मतं वाचायला आवडेल.

चाफेकळी

फार छान धागा. मी जलरंगात काम करते, म्हणून तंत्रावर थोडं लिहिते, कारण तिची नजर तिच्या तंत्रातच आहे.

तिच्याआधी बर्केट फॉस्टरनं (1825-1899) हेच विषय लोकप्रिय केले होते. पण तो रंगात पांढरा मिसळून अपारदर्शक रंग वापरायचा आणि बारीक बारीक ठिपक्यांनी चित्र भरत न्यायचा. त्यामुळे त्याच्या चित्रांना तुकतुकीतपणा येतो. अ‍ॅलिंगहॅम पारदर्शक रंगांवर भर देते. उजेड म्हणजे कागदाचा पांढरा. आता गंमत बघा, गर्द हिरव्या कुंपणापुढे पांढरी डेझीची फुलं दाखवायची आणि पांढरा रंग तर लावायचा नाही, मग काय करायचं? ती आधी हिरवा लावून घ्यायची, वाळू द्यायची, आणि मग धारदार पात्यानं कागदाचा वरचा थर खरवडून फुलांचे आकार काढायची. त्या खरवडलेल्या जागेवर हवा तर पुन्हा हलका रंग. स्पंजनं रंग उचलून कडा मऊ करायची. मूळ चित्र तिरक्या उजेडात पाहिलं तर कागदाची ही खरखर दिसते. छापील प्रतीत ती नाहीशी होते, आणि चित्र आहे त्यापेक्षा गुळगुळीत दिसतं. तिला ‘गोडगोड’ म्हणणाऱ्या अनेकांनी फक्त छापील प्रती पाहिल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

खरवडण्यात चूक सुधारायला जागा नसते. जाड, चांगल्या कागदावर सुद्धा एकाच जागी दुसऱ्यांदा खरवडायला गेलं तर तंतू उठतात आणि रंग फुटतो. त्यामुळे कुठलं फूल कुठं, हे आधी पक्कं डोक्यात लागतं.

धुरळा

पाऊलवाट, लेख आवडला, पण मी विरोधात लिहिणार आहे.

तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलात तो या चित्रांचा मुख्य प्रश्न आहे, शेवटच्या परिच्छेदात टाकण्यासारखा नाही. त्या घरांत राहणाऱ्या मजुराला दक्षिण इंग्लंडात आठवड्याला साधारण 12 ते 15 शिलिंग मिळत होते. घर बऱ्याचदा मालकाचं, कामाला जोडलेलं. काम गेलं की घर गेलं. शेवाळलेलं छप्पर लांबून सुंदर दिसतं, आत त्याचा अर्थ ओल. झोपायला एक नाही तर दोन खोल्या, त्यात सात-आठ माणसं. 1884-85 मध्ये गरिबांच्या घरांची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमावं लागलं होतं, आणि त्याच सुमाराला अ‍ॅलिंगहॅमबाई हॉलीहॉक रंगवत होत्या.

तिच्याबरोबर ‘द ग्राफिक’साठी काम केलेला ह्युबर्ट हर्कोमर घ्या. त्याचं 1885 चं ‘हार्ड टाइम्स’ मँचेस्टरच्या कलादालनात आहे. तोच इंग्लिश गावरस्ता, तीच झुडपांची कुंपणं. पण फाटकाला टेकून बेकार मजूर उभा आहे, पुढच्या वळणाकडे बघतोय. त्याची हत्यारं बांधून जमिनीवर ठेवलीत. बायको रस्त्याच्या कडेला थकून बसलीय, मुलं तिच्या अंगावर. किंवा जॉर्ज क्लाउझनचं ‘विंटर वर्क’ पाहा, टेट संग्रहालयात आहे. हिवाळ्यातल्या चिखलात मेंढ्यांसाठी कंद साफ करणारी माणसं, अंगावर गोणपाट बांधलेली. हेही 1883-84 चंच. म्हणजे ‘त्या काळी असं कुणी रंगवतच नव्हतं’ ही सबब चालत नाही.

आणि या चित्रांचे गिऱ्हाईक कोण? लंडनचे पैसेवाले. ज्यांच्या येण्यानं ती घरं गेली, त्यांच्याच दिवाणखान्यात ती चित्रं टांगली गेली. मला हे विसरता येत नाही.

मोगरी

धुरळा, तुमचा राग समजतो आणि हर्कोमरचं उदाहरण चपखल आहे. पण ती बाई कुठून आली तेही पाहू या.

हेलनची मावशी लॉरा हरफर्ड. 1860 पर्यंत रॉयल अकादमीच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. लॉरानं आपलं काम पाठवताना सहीत फक्त ‘एल. हरफर्ड’ लिहिलं. काम पसंत पडलं, जागा मिळाली, आणि मग कळलं की ही बाई आहे. नियमात बायकांना मनाई असं कुठं लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे तिला घ्यावं लागलं. तिच्यामुळे उघडलेल्या दारातून काही वर्षांनी भाची आत गेली. तरीही नग्न मॉडेलवरून शरीररचना शिकवण्याचे वर्ग मुलींना बंदच होते. मोठ्या आकृतींची चित्रं, राबणारी शरीरं, त्यांचे स्नायू, हे ज्या शिक्षणातून येतं तेच तिला नाकारलेलं होतं. हर्कोमर आणि क्लाउझन यांना ते मिळालं होतं.

लंडनच्या जलरंग चित्रकारांच्या संस्थेतही तसंच. 1875 मध्ये ती संस्थेत निवडली गेली, पण पूर्ण सभासदत्व मिळायला 1890 उजाडलं. ते मिळवणारी ती पहिली बाई.

आणि मध्ये 1889 मध्ये नवरा गेला. विल्यम तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठा. पदरात तीन मुलं, धाकटा जेमतेम सात वर्षांचा. त्यानंतर घर चाललं ते या चित्रांवर. ‘गिऱ्हाईक कोण’ हा प्रश्न खरा आहे, पण तिच्यासाठी तो महिन्याच्या खर्चाचाही प्रश्न होता. यानं चित्रं जास्त खरी होत नाहीत, कबूल. पण आरामात बसून गरिबी सजवणारी श्रीमंत बाई हे चित्रही खरं नाही.

सह्यकडा

जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो, त्यामुळे ‘साक्षीदार’ या शब्दावर अडलो. अ‍ॅलिंगहॅम सगळं जसंच्या तसं काढत नव्हती हे नोंदवायला हवं. घराला नव्या मोठ्या काचांची खिडकी बसवलेली असेल, तर चित्रात ती अनेकदा जुनी खिडकी परत बसवायची. शिशाच्या पट्ट्यांत शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान काचा असायच्या, तसली. स्लेटचं, म्हणजे पातळ दगडी पाट्यांचं, नवं छप्पर असेल तर त्या जागी जुनं छप्पर.

या बदलांमागची कारणं रंजक आहेत. काचेवरचं अबकारी शुल्क 1845 मध्ये रद्द झालं, खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये. त्यानंतर मोठ्या काचा स्वस्त झाल्या. वेल्समधली स्लेट रेल्वेनं देशभर पोचू लागली, आणि ती स्थानिक कौलांपेक्षा आणि गवतापेक्षा सोयीची पडायची. म्हणजे ज्या खिडकीनं त्या घरातल्या बाईला पहिल्यांदा शिवणापुरता उजेड मिळाला असेल, ती खिडकी चित्रात नाही.

याच काळात, 1877 मध्ये, कारागीर आणि लेखक विल्यम मॉरिसनं जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. तिचं मुख्य सूत्र असं की पडझड थांबवा, पण ‘मूळ रूप’ कल्पनेनं परत आणू नका. त्या कसोटीवर अ‍ॅलिंगहॅम नापास होते. तिची चित्रं मी पुरावा म्हणून वापरताना सांगाडा, कौलांची रचना, धुराडं यांवर भरवसा ठेवेन. खिडक्यांबाबत दुसरा आधार शोधेन.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके सकस प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

सह्यकडा, खिडक्यांचा मुद्दा मोलाचा. त्यावर माझं म्हणणं असं: ती खिडकी बदलते तेव्हा मनानं काहीतरी रचत नाही. शेजारच्या घरात तशी खिडकी अजून शिल्लक असायची, तिची मापं, तिचं शिसं, तिच्या काचांतला हिरवट रंग तिला पाठ होता. म्हणजे त्या एका घराची नोंद बिघडते, पण त्या गावच्या बांधणीची नोंद टिकते. तुम्हाला एका वास्तूचं जतन करायचं असतं म्हणून तुम्हाला हे पुरणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण शिवणाच्या उजेडाचं तुम्ही जे लिहिलंत, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती बाई चित्रात बाहेर अंगणात शिवत बसलेली असते, हे आता खटकणार.

धुरळा, ‘विंटर वर्क’ मी वारंवार पाहते. क्लाउझनचं चित्र जास्त धाडसी आहे यात वादच नाही. पण त्याच्या चित्रात घर नाही. ती माणसं संध्याकाळी कुठं परतली, ते आपल्याला कळत नाही. अ‍ॅलिंगहॅमकडे ते घर आहे आणि परतणारा माणूस नाही. मला दोन्ही चित्रं शेजारी टांगलेली पाहायची आहेत.

आणि हार्डीचा धागा इथं जुळतो. तो स्वतः डॉर्सेटच्या खेड्यातला, 1883 मध्ये त्यानं तिथल्या शेतमजुरांवर लेख लिहिला. शहरी लोक मजुराला एकसाची, गबाळा ‘हॉज’ समजतात, त्याविरुद्ध तो तळमळीनं लिहितो. त्याच माणसाला आपल्या चित्रकारांत हेलन पॅटरसन फार मोलाची वाटत होती. म्हातारपणी त्यानं तिच्यावर ‘द ऑपॉर्च्युनिटी’ नावाची कविता केली, शीर्षकाखाली तिची आद्याक्षरं घालून. त्याच्या कादंबरीसाठी तिनं काढलेल्या चित्रांत पुरुष आहेत, मेंढपाळ आहे, कामं आहेत. म्हणजे तिला हे येत होतं. मोगरी, तुमचा शिक्षणाचा मुद्दा मान्य करूनही मला वाटतं की पुरुष वगळणं हा अंशतः तिचा निर्णय होता. बहुधा अगदी साधंही कारण असेल: ती दिवसाउजेडी घरापाशी बसायची, आणि त्या वेळी पुरुष शेतावर असायचे. घराभोवती दिवसभर दिसायच्या त्या बायाच. पण एकाही चित्रात संध्याकाळ होऊन तो परतू नये, ही निवड आहे.

परसदार

मी गेली काही वर्षं सरेतल्या गोडाल्मिंगच्या बाजूला राहतो. चिडिंगफोल्ड, विटली, ब्रुक ही गावं इथून जवळ. एक सांगतो, तिनं रंगवलेल्या प्रकारची जी घरं वाचली आहेत ती आज कायद्यानं संरक्षित आहेत. खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. आणि किमती अशा की शेतावर काम करणारा कुणीही तिथं राहू शकत नाही. 1880 च्या दशकात जे सुरू झालं होतं ते पूर्ण झालंय.

बागांबद्दल थोडं. गर्ट्रूड जिकील ही प्रसिद्ध उद्यानरचनाकार याच भागातली, मन्स्टेड वुडची. अ‍ॅलिंगहॅमनं तिच्या बागेचीही चित्रं काढली. मजुरांच्या अंगणातली जुनी, चिवट फुलझाडं जिकीलनं बारकाईनं पाहिली आणि मोठ्या घरांच्या बागांत आणली. त्यामुळे आज लोक ‘खेड्यातली बाग’ म्हणून जे लावतात त्यात फुलंच फुलं असतात. मजुराच्या परसात आधी बटाटे, कोबी, कांदे असत, मधमाश्यांच्या टोपल्या असत, जमलं तर डुक्कर. अ‍ॅलिंगहॅमच्या चित्रांत कोबी आहेत, हे मला तिच्या बाजूचं वाटतं. कडेला फुलं आणि मध्ये भाजी, ही मांडणी ती बरोबर दाखवते. तिची नक्कल करणाऱ्यांनी कोबी काढून टाकले.

चाफेकळी

परसदार, कोबीचा मुद्दा एकदम पटला. तिच्या कोबीच्या पानांवरचा निळसर करडा लव असल्यासारखा रंग बघण्यासारखा आहे, तो सहज जमत नाही.

आपल्याकडचा एक दुवा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत (स्थापना 1857) इंग्लंडच्या कलाशाळांच्या धर्तीवर शिक्षण होतं, आणि पारदर्शक जलरंगात जागेवर बसून निसर्गचित्र काढायची परंपरा आपल्याकडे रुजली ती या मार्गानं. तिथं शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा या परिसरात आयुष्यभर चित्रं काढत राहिले. ते अ‍ॅलिंगहॅमच्याच पिढीच्या आसपासचे, 1931 मध्ये गेले. दोघांत प्रत्यक्ष संबंध होता असं मला म्हणायचं नाही. पण एकच टापू निवडून त्याला आयुष्य देणं हे दोघांत आहे, आणि आबालालांना जे राजाश्रयातून मिळालं ते हिला बाजारातून मिळवावं लागलं.

धुरळा

मोगरी, मावशीची गोष्ट मला माहीत नव्हती. सांगितल्याबद्दल आभार. शिक्षणाचा मुद्दा वजनदार आहे.

तरी ‘हॅपी इंग्लंड’चं काय करायचं? 1903 मध्ये तिच्या चित्रांचं जे मोठं रंगीत पुस्तक निघालं, मार्कस ह्युईशच्या मजकुरासह, त्याचं नावच ‘सुखी इंग्लंड’. तोवर खेड्यांतून माणसं शहरांकडे आणि वसाहतींकडे निघून चालली होती. नाव प्रकाशकांनी दिलं असेल, तिनं दिलं असेल, पण चित्रांनी त्या नावाला हरकत घेतली नाही. 1886 च्या सूचीपत्रात ‘ही घरं पाडली जात आहेत’ हे लिहिलं होतं. ते वाक्य चित्राशेजारी असेल तर चित्र साक्ष देतं. ते काढून वर ‘हॅपी इंग्लंड’ लिहिलं की तेच चित्र झोपवतं. माझा झगडा बहुधा याच्याशी आहे.

पाऊलवाट

धुरळा, हे तुम्ही फार नेमकं मांडलंत, आणि मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. ते पुस्तक तीन रंगांच्या नव्या छपाईतंत्रानं निघालं होतं, खूप खपलं, आणि पुढची शंभर वर्षं लोकांनी तिला त्या पुस्तकातूनच ओळखलं. चाफेकळींनी सांगितलेली खरवडलेली कागदाची खरखर त्यातच हरवली. सूचीपत्राचं वाक्यही तिथं मथळ्याखाली दबलं.

लंडनला असाल किंवा जाणार असाल तर हॅम्पस्टेडचं बर्ग हाउस चुकवू नका. शेवटच्या पर्वात ती हॅम्पस्टेडलाच राहत होती आणि तिथं तिच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जायच्या आधी चौकशी करा, कारण जलरंग उजेडानं उडतात म्हणून सगळी चित्रं एका वेळी भिंतीवर नसतात. जलरंगांवर उजेडाचा परिणाम तपासणारा रसेल आणि अ‍ॅबनी यांचा अहवाल तिच्याच काळातला, 1888 चा. गुलाबी आणि काही पिवळ्या छटा आधी जातात, त्यामुळे काही चित्रांतले गुलाब आज फिके आणि पानं निळी दिसतात.

सह्यकडा

बर्ग हाउसची माहिती कामाची. एक सुचवतो: कुणी त्या भागातल्या संरक्षित घरांच्या सरकारी नोंदी आणि तिची चित्रं शेजारी ठेवून तपासली, तर खिडक्यांचा प्रश्न एकेका घरापुरता सोडवता येईल. नोंदींत सांगाड्याचा अंदाजे काळ, नंतरचे बदल असं सगळं असतं आणि त्या सर्वांना खुल्या आहेत. परसदार, तुम्ही जवळ आहात. चिडिंगफोल्डपासून सुरुवात करू या का? नोंदी मी वाचून काढतो.

परसदार

आनंदानं. घरांच्या बाहेरून रस्त्यावरून दिसतील तेवढे फोटो मी काढून आणतो, राहणाऱ्यांना त्रास न देता. पानं गळल्यावर गेलेलं बरं, सांगाडा तेव्हा नीट दिसतो.

मोगरी

धुरळा, हर्कोमर आणि क्लाउझनवर वेगळा धागा तुम्हीच काढा. ‘हार्ड टाइम्स’मधल्या त्या बसलेल्या बाईच्या हातांवर मला लिहायचं आहे.